मार्गदर्शकाचे मोल

परीक्षांचे निकाल लागले की वर्तमानपत्रांतून यशस्वी विद्यार्थ्यांची छायाचित्रे छापून येतात. आईवडील पेढा भरवत असतात, शेजारीपाजारी कौतुकाने उभे असतात. ज्यांनी त्या विद्यार्थ्याला घडवले, त्या शिक्षकाचे नाव बातमीत आलेच तर अखेरच्या ओळीत येते. यात कोणाचा दोष आहे असे नाही. शिकवणाऱ्याचे काम शिकणाऱ्याच्या यशात मिसळून जाते आणि एकदा मिसळलेले वेगळे काढून दाखवता येत नाही. तरीही एखाद्या समाजाने आपल्या मार्गदर्शकांचा गौरव करायचे ठरवले, तर त्यांचे मोल कोणत्या मापाने करावे? त्यांचे किती विद्यार्थी नामवंत झाले एवढेच मोजावे, की त्यांच्या दारापर्यंत आलेल्यांपैकी किती जणांना त्यांनी आत घेतले हेही पाहावे?

मी भाषेची अभ्यासक आहे. शाळा संपल्यावर गणिताशी माझा फारसा संबंध उरला नव्हता. पण हा प्रश्न मला सर्वांत स्पष्ट दिसला तो गणिताच्या जगातच. गणितातील सिद्धता बरोबर असते किंवा चूक असते. ती लिहिणारी व्यक्ती स्त्री की पुरुष, गोरी की काळी, शहरातली की खेड्यातली, यामुळे तिच्यात काडीचाही फरक पडत नाही. इतक्या निःपक्षपाती विद्येच्या दारातही माणसांनी माणसांना अडवले आहे, आणि काही थोड्या माणसांनी ते दार स्वतःच्या पोटापाण्याची पर्वा न करता उघडे धरले आहे.

गणितात नवे शोधणे म्हणजे काय, हे आधी समजून घेऊ. इंदूरमधील एका अभ्यासकेंद्रावर रविवारच्या संपर्कवर्गात मी एकदा बोलत होते. शिवणकाम करून दहावीचा अभ्यास करणाऱ्या, तिशी ओलांडलेल्या एका विद्यार्थिनीने विचारले, "मॅडम, गणितात आता शोधायला काही उरले आहे का? सगळे तर पुस्तकात आलेलेच आहे." मी त्यांना कापरेकरांची गोष्ट सांगितली. नाशिकजवळच्या देवळालीत दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर नावाचे शाळाशिक्षक होते. त्यांच्याकडे पदव्युत्तर पदवी नव्हती, पण आकड्यांशी खेळण्याचा विलक्षण नाद होता. १९४९ साली त्यांना एक मौज आढळली. सगळे अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी, समजा ३५२४. तिचे अंक उतरत्या क्रमाने लिहावेत आणि त्यातून चढत्या क्रमाने लिहिलेली संख्या वजा करावी. ५४३२ मधून २३४५ वजा केले की ३०८७ येतात. पुन्हा तसेच केले की ८३५२ येतात आणि आणखी एकदा केले की ६१७४. पुढे कितीही वेळा करा, ६१७४ च येत राहतात. सुरुवातीची संख्या कोणतीही असो, फार तर सात पायऱ्यांत आपण तेथेच पोहोचतो.

त्या विद्यार्थिनीने वहीत तीनचार संख्या घेऊन पाहिल्या, मग मान वर करून विचारले, "पाच अंकी घेतली तर?" संशोधनाची सुरुवात अशीच होते. पुस्तकात उत्तर नसलेला प्रश्न स्वतःला पडणे ही पहिली पायरी. पण प्रश्न पडला तरी तो कोठवर न्यायचा, आधी कोणी काय केले आहे, आपले उत्तर पक्के कसे करायचे, हे सांगणारे कोणी लागते. कापरेकरांना ते फारसे लाभले नाही. १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी अमेरिकेतील 'सायंटिफिक अमेरिकन' या मासिकात त्यांच्याविषयी लिहिले आणि मग त्यांचे नाव जगभर पोहोचले. तोवर त्यांचे वय सत्तरीला टेकले होते.

पूर्वी संशोधन हे पदव्युत्तर शिक्षणानंतरचेच काम मानले जाई. पदवीच्या विद्यार्थ्यानेही खऱ्या संशोधनाची चव घ्यावी, हा विचार अमेरिकेत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रुजला. मिनेसोटा राज्यातील डुलुथ येथे जोसेफ गॅलियन या प्राध्यापकांनी १९७७ पासून उन्हाळ्याच्या सुटीत असे शिबिर भरवले. १९८७ पासून तेथील राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठान देशभरातील अशा शिबिरांना अनुदान देऊ लागले. एका प्राध्यापकाभोवती थोडे विद्यार्थी जमतात, त्यांना न सुटलेले प्रश्न दिले जातात, राहण्याजेवण्याची सोय होते आणि विद्यावेतनही मिळते. सुटीत मजुरी करून शिकणाऱ्या मुलाला हे विद्यावेतन मिळाले नाही, तर त्या शिबिराचे दार त्याच्यापुरते बंदच राहते.

परंतु अशी शिबिरे निघण्याच्या कितीतरी आधी एका शिक्षकाने ही पद्धत आपल्या वर्गात आणली होती. टेक्सास विद्यापीठातील रॉबर्ट ली मूर हे ते शिक्षक. १९२० पासून १९६९ पर्यंत त्यांनी तेथे शिकवले. ते व्याख्यान देत नसत आणि पुस्तक उघडू देत नसत. काही व्याख्या आणि प्रमेये सांगत आणि विद्यार्थ्यांनी सिद्धता स्वतः शोधून फळ्यावर मांडावी, असा त्यांचा आग्रह असे. फळ्यापाशी उभा राहिलेला विद्यार्थी अडला तरी ते उत्तर सांगत नसत, वाट पाहत. त्यांच्या हाताखाली ५० विद्यार्थ्यांनी डॉक्टरेट मिळवली आणि त्यांतले तिघे अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीचे अध्यक्ष झाले. यशस्वी विद्यार्थी हेच माप धरले, तर मूर यांच्याइतके मोठे मार्गदर्शक विरळाच. १९७३ मध्ये विद्यापीठाने एका भव्य इमारतीला त्यांचे नाव दिले.

या हिशेबात एक रकाना मात्र कोरा होता. मूर कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना आपल्या वर्गात घेत नसत. व्हिव्हियन मालोन मेज ही टेक्सासमधल्याच वेको गावची कृष्णवर्णीय तरुणी. एम.ए. होऊन तिने काही वर्षे महाविद्यालयात शिकवले होते. १९६१ मध्ये तिने आपल्याच गावातील बेलर विद्यापीठात प्रवेश मागितला, तेव्हा वर्णामुळे तो नाकारला गेला. मग ती टेक्सास विद्यापीठात आली. तेथील आपल्या पहिल्या वर्गात ती एकटीच कृष्णवर्णीय आणि एकटीच स्त्री होती. मूर यांच्या वर्गात तिला जागा मिळाली नाही. इतर विद्यार्थी आणि प्राध्यापक ज्या उपाहारगृहात कॉफी पिताना गणिताची चर्चा करत, तेथे कृष्णवर्णीयांना प्रवेश नव्हता. म्हणजे वर्गाबाहेर सहज मिळणारे शिक्षणही तिच्या वाट्याला आले नाही.

महात्मा फुले यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हे आपले पुस्तक अमेरिकेतील गुलामांना मुक्त करणाऱ्या सज्जनांना अर्पण केले होते, हे आपल्याला ठाऊक आहे. पायातल्या बेड्या तुटणे ही पहिली गोष्ट आणि विद्येचे दार उघडणे ही दुसरी, हे शाळा काढणाऱ्या जोतीराव आणि सावित्रीबाईंइतके कोणाला कळले असेल? अमेरिकेत त्या दोन गोष्टींमध्ये शंभर वर्षांचे अंतर पडले.

मालोन मेज एकटी पडली, पण खचली नाही. १९६६ मध्ये तिने डॉक्टरेट मिळवली आणि त्याच वर्षी, ज्या बेलर विद्यापीठाने तिला विद्यार्थिनी म्हणून नाकारले होते, त्यानेच तिला प्राध्यापक म्हणून नेमले. हे बळ तिच्यात कोठून आले असावे, याचा शोध घेताना मी नॅशव्हिल शहरातील फिस्क विद्यापीठापर्यंत पोहोचले. कृष्णवर्णीयांच्या शिक्षणासाठी १८६६ मध्ये स्थापन झालेली ही संस्था. मालोन मेज तेथे वैद्यकीय शिक्षणाची तयारी करण्यासाठी आली होती. तेथे तिला दोन शिक्षक भेटले आणि तिने गणिताची वाट धरली.

त्यांपैकी एक होत्या एव्हलिन बॉईड. १९४९ मध्ये येल विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवलेल्या त्या कृष्णवर्णीय गणितज्ञ पुढे संगणकाच्या क्षेत्रात गेल्या आणि अमेरिकेच्या पहिल्या अंतराळमोहिमांतील यानांच्या कक्षा ठरवणाऱ्या संगणकप्रणालींवर त्यांनी काम केले. फिस्कमध्ये त्या १९५० ते १९५२ अशी दोनच वर्षे होत्या. पण आपल्यासारखी दिसणारी एक बाई फळ्यापाशी उभी राहून उच्च गणित शिकवते आहे, हे दृश्यच विद्यार्थिनींसाठी एक धडा होते.

दुसरे शिक्षक ली लॉर्च. ते न्यूयॉर्कचे गोरे गणितज्ञ. दुसऱ्या महायुद्धात सैनिक म्हणून ते भारतातही येऊन गेले होते. न्यूयॉर्कमध्ये एका मोठ्या गृहसंकुलात कृष्णवर्णीयांना घरे नाकारली जात, त्याविरुद्ध त्यांनी भाडेकरूंची चळवळ उभारली आणि १९४९ मध्ये त्यांची तेथील महाविद्यालयातली नोकरी गेली. पेनसिल्व्हेनियात दुसरी नोकरी मिळाली, तेव्हा न्यूयॉर्कचे आपले रिकामे घर त्यांनी एका कृष्णवर्णीय कुटुंबाला राहायला दिले. ती नोकरीही गेली. १९५० मध्ये ते फिस्कला आले आणि गणित विभागाचे प्रमुख झाले.

१९५१ मध्ये नॅशव्हिलला गणितज्ञांची परिषद भरली. लॉर्च आपल्या तीन कृष्णवर्णीय सहकाऱ्यांसह तिला गेले. त्यांत एव्हलिन बॉईडही होत्या. व्याख्याने ऐकण्यास कोणाची हरकत नव्हती, पण समारोपाच्या भोजनाला त्या तिघांना बसता येणार नाही, असे सांगण्यात आले. पंक्तिभेदाचे दुःख आपल्या समाजाला नवे नाही. चौघेही तेथून निघाले. मागाहून त्यांनी गणितज्ञांच्या राष्ट्रीय संघटनांना पत्र लिहून नियमांत सुधारणा करण्याची मागणी केली. विद्यार्थ्यांना प्रमेये शिकवणे हे मार्गदर्शकाचे काम खरेच, पण उद्या ज्या सभागृहात तो विद्यार्थी जाणार, तेथे त्याला मानाने बसता यावे म्हणून आज भांडणे हेही त्याच कामात येते, असे लॉर्च मानत असावेत.

ग्लोरिया ह्यूइट या विद्यार्थिनीचा अनुभव मला विशेष वाटतो. पदवीनंतर पुढे शिकण्याचा विचार तिने केला नव्हता. आणि अचानक दोन विद्यापीठांकडून तिला प्रवेशाची आणि अर्थसाहाय्याची पत्रे आली. तिने तर अर्जही केला नव्हता. लॉर्च यांनी तिला न सांगता आपल्या मित्रांना तिच्याविषयी लिहिले होते. सुखवस्तू घरातल्या मुलाला पुढच्या वाटा घरातच कळतात. ज्याच्या घरात कोणी त्या वाटेने गेलेच नाही, त्याला ती वाट आहे हेही ठाऊक नसते. अशा विद्यार्थ्याने अर्ज करावा म्हणून थांबून राहणारा शिक्षक नियमाने बरोबर असेल, पण तो फार थोड्यांपर्यंत पोहोचेल. ह्यूइटने १९६२ मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली आणि पुढे मोंटाना विद्यापीठात ती गणित विभागाची प्रमुख झाली.

लॉर्च यांना याचे काय फळ मिळाले? १९५४ मध्ये त्यांनी आपल्या मुलीला कृष्णवर्णीयांच्या शाळेत घालण्याचा प्रयत्न केला. त्याच सुमारास संसदेच्या चौकशी समितीने त्यांना बोलावले. आपल्या राजकीय मतांविषयीच्या प्रश्नांची उत्तरे देण्याचे त्यांनी नाकारले आणि १९५५ मध्ये फिस्कनेही त्यांना काढून टाकले. खटला चालला, त्यातून ते निर्दोष सुटले, पण अमेरिकेतील विद्यापीठांत त्यांना स्थैर्य लाभले नाही. १९५९ मध्ये ते कॅनडाला गेले आणि तेथेच राहिले. फिस्कमधील त्यांचा काळ जेमतेम पाच वर्षांचा. त्या पाच वर्षांत त्यांच्याकडे शिकलेल्या तीन कृष्णवर्णीय विद्यार्थिनींनी पुढे गणितात डॉक्टरेट मिळवली, आणि तीही अशा काळात, जेव्हा त्या देशात अशा स्त्रिया हाताच्या बोटांवर मोजता येत होत्या. मालोन मेज आणि ह्यूइट या दोघी, तिसऱ्या एटा झुबर फाल्कनर.

फाल्कनर यांच्यामुळे ही गोष्ट एका पिढीवर थांबली नाही. मिसिसिपी राज्यात वाढलेल्या फाल्कनर १९५३ मध्ये फिस्कच्या पदवीधर झाल्या आणि १९६५ मध्ये अटलांटा येथील स्पेलमन महाविद्यालयात आल्या. हे कृष्णवर्णीय मुलींचे महाविद्यालय. तेथे शिकवता शिकवता त्यांनी १९६९ मध्ये डॉक्टरेट मिळवली. मोठ्या विद्यापीठात जाऊन त्यांना स्वतःचे संशोधन वाढवता आले असते. त्यांनी मुलींना गणित आणि विज्ञानात पुढे नेण्याचे काम निवडले. विद्यार्थिनींना सुटीत संशोधनसंस्थांत काम करता यावे म्हणून योजना आखल्या, निधी मिळवला. त्यांच्या सहकारी सिल्व्हिया बोझमन यांनी ब्रिन मॉर महाविद्यालयाच्या ऱ्होंडा ह्यूज यांच्यासह १९९८ मध्ये 'एज' हा उपक्रम सुरू केला. डॉक्टरेटसाठी जाणाऱ्या मुलींनी पहिल्याच वर्षी एकाकीपणाने माघार घेऊ नये, म्हणून त्यांची तयारी करून घेणारा हा उपक्रम. उपाहारगृहाबाहेर राहिलेल्या मालोन मेजची आठवण येथे झाल्याशिवाय राहत नाही.

हे काम दिसू लागले, तसे त्याच्या गौरवाचे मार्गही निघाले. १९९० च्या दशकात विज्ञान, गणित आणि अभियांत्रिकीतील मार्गदर्शकांसाठी अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या नावाने पुरस्कार सुरू झाला. २००१ मध्ये फाल्कनर यांना विज्ञानाच्या प्रसारासाठी काम करणाऱ्या राष्ट्रीय संस्थेने आजीवन मार्गदर्शनाबद्दल गौरविले. पदवीच्या वर्गातील मुलींना गणितात पुढे नेणाऱ्या शिक्षकांसाठी गणितातील स्त्रियांच्या संघटनेने ग्वेनेथ हम्फ्रीज यांच्या नावाने पुरस्कार ठेवला. २०११ मध्ये त्याचा पहिला मान ऱ्होंडा ह्यूज यांना मिळाला.

संगणकशास्त्राच्या क्षेत्रात रिचर्ड टापिया यांचे नाव घ्यावे लागेल. मेक्सिकोहून आलेल्या आईबापांचा हा मुलगा शाळा संपल्यावर लॉस एंजेलिसमध्ये मोटारींचे सायलेन्सर बनवणाऱ्या कारखान्यात कामाला लागला. तू येथे राहू नकोस, महाविद्यालयात जा, असा आग्रह त्याला कोणी केला? बरोबरीने काम करणाऱ्या एका कामगाराने. टापिया आधी दोन वर्षांच्या लहान महाविद्यालयात गेले, तेथून विद्यापीठात, आणि पुढे ह्यूस्टनच्या राईस विद्यापीठात नामवंत प्राध्यापक झाले. आयुष्यभर त्यांनी मागे राहिलेल्या समूहांतील विद्यार्थ्यांना पुढे आणले. २००१ पासून त्यांच्या नावाने संगणकक्षेत्रातील विविधतेसाठी परिषद भरते आणि २०११ मध्ये त्यांना राष्ट्रीय विज्ञानपदक मिळाले. त्या कारखान्यातील सोबत्याला मात्र कोणतेही पदक मिळाले नाही. मार्गदर्शक होण्यासाठी पदवीच हवी असे नाही, हे त्याच्याकडून शिकावे.

आपल्या देशातही अशी दारे उघडणारे हात आहेत. मुंबई विद्यापीठात असताना एस. कुमरेशन या प्राध्यापकांनी १९९३ मध्ये गणिताचे एक उन्हाळी शिबिर सुरू केले. राष्ट्रीय उच्च गणित मंडळाच्या साहाय्याने ते देशभर पसरले. लहान गावांतील साध्या महाविद्यालयांतले विद्यार्थी तेथे येतात. पाठ केलेली उत्तरे तेथे उपयोगी पडत नाहीत. 'असे का?' हा प्रश्न विचारायला आणि त्याचे उत्तर स्वतः शोधायला ते शिकतात.

आता मापाच्या प्रश्नाकडे येऊ. मूर यांची पद्धत खोटी नव्हती. विद्यार्थ्याला स्वतः विचार करू देण्याची ती रीत आजही अनेक वर्गांत चालते आणि चालावी. उणीव होती ती वर्गात कोणाला बसू द्यायचे या निवडीत. पन्नास डॉक्टरांची यादी आपण वाचू शकतो. दारातून परत गेलेल्यांची यादी कोणी ठेवलेली नाही. त्यांच्यातून किती गणितज्ञ झाले असते, हे आता कोणत्याही गणिताने काढता येणार नाही. २०२० मध्ये टेक्सास विद्यापीठाने त्या इमारतीवरून मूर यांचे नाव काढले. लॉर्च यांच्या नोकऱ्या एकामागून एक गेल्या होत्या. ज्या संघटनेच्या परिषदेतील भोजनातून त्यांचे सहकारी वगळले गेले होते, त्याच मॅथेमॅटिकल असोसिएशन ऑफ अमेरिकेने २००७ मध्ये त्यांना आपला सेवागौरव पुरस्कार दिला. तेव्हा ते ९१ वर्षांचे होते. गौरव इतका उशिरा येतो, तेव्हा तो त्या माणसाच्या फारसा उपयोगाचा नसतो. पण पुढच्या शिक्षकांना त्यातून कळते की हे काम नजरेआड राहत नाही आणि ते करणाऱ्याला आता नोकरी गमवावी लागणार नाही.

मुक्त विद्यालयात शिकणाऱ्या आपणा सर्वांना दाराबाहेर उभे राहणे म्हणजे काय, हे कोणी समजावून सांगण्याची गरज नाही. घरकाम, मजुरी, लवकर झालेले लग्न, गाव बदलणे, अशा कितीतरी कारणांनी शाळेचे दार एकदा मिटले आणि कोणाच्या तरी शब्दामुळे ते पुन्हा उघडले. तो शब्द कोणाचा होता, हे आठवून पाहा आणि जमल्यास त्या व्यक्तीला तसे सांगा. आणि उद्या तुम्ही स्वतः कोणाला शिकवाल, मग तो गणिताचा वर्ग असो, शिवणकामाचा असो की संगणकाचा, तेव्हा हजेरीपटावरील नावे वाचून झाली की क्षणभर थांबा. या पटावर जी नावे कधी आलीच नाहीत ती कोणाची, आणि का आली नाहीत, हा प्रश्न स्वतःला विचारा.